बाईचे दुखणे आणि ‘कॉस्मेटिक’चा शिक्का

स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर आम्ही बोलू लागलो की चळवळीतले काही बंधू मान खाली घालतात. हा काय आपला प्रश्न, असेही म्हणतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यात आठ तास उभी राहणारी किंवा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबणारी बाई कोणाची आहे, एवढेच त्यांनी सांगावे. स्तनांच्या अति वजनाने मान, खांदे, पाठ कायमची दुखतात. अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडतात. घडीत घामाने जखमा होतात. याला हौस कोण म्हणतो?

बाईच्या शरीराचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी थेट कायदेमंडळात नेला होता. १९२८ साली मुंबई कौन्सिलमध्ये प्रसूती लाभाच्या बिलाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून तो भार मुख्यतः सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही त्यातून सुटू नये. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. तेव्हाही हा विषय अनेकांना ‘लाजिरवाणा’च वाटला असणार!

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम आले आणि १९४४ मध्ये अहवाल तयार झाला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. वर्गणी सक्तीची, मालकाचीही. आणि उपचार हा हक्क. आज या योजनेत मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. सातपूरचे ईएसआय रुग्णालय याच वाटेवर उभे आहे. पण पगाराची मर्यादा २१,००० रुपये. जी बाई त्याच्या वर गेली, किंवा ठेकेदाराने जिची नोंदच केली नाही, तिला खासगी पॉलिसीच्या दारात जावे लागते.

तिथे हक्क संपतो, करार सुरू होतो. २०१९ मध्ये विमा नियामकाने वगळण्याच्या कलमांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात आठव्या क्रमांकावर कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी आहे. कंपन्या एवढेच वाक्य दाखवतात. पुढचे वाचतच नाहीत, किंवा वाचू देत नाहीत. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यातून वगळलेली आहे; शिवाय आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेची शस्त्रक्रियाही. अट एकच : उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र.

अर्थात ‘थेट आणि तातडीचा’ हे शब्द कंपनीच्या सोयीचे आहेत. वर्षानुवर्षांचे दुखणे त्यात कसे बसवायचे, यावरच खरे भांडण होते. म्हणून कागद आधीपासून जमवा : हाडांच्या डॉक्टरची चिठ्ठी, त्वचेच्या डॉक्टरची चिठ्ठी, फिजिओथेरपीच्या नोंदी, औषधांची बिले. आधी मंजुरी मागा, नकार लेखीच घ्या आणि कोणत्या कलमाखाली तो दिला ते लिहून मागा. कंपनीच्या तक्रार कक्षात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.

अर्ज मराठीत लिहायला बसणारे हात आपल्या शाखांमध्ये आहेत. त्यात बायका किती, हे पुढच्या बैठकीत मोजू.