ताडपत्रीची केबिन

या शनिवारचा विषय जरा विचित्र आहे. ट्रॅक्टरची केबिन! तीही कंपनीची नव्हे, तर शेतकऱ्याने हाताला लागेल त्या सामानातून घरीच उभी केलेली. अमेरिका आणि कॅनडाच्या उत्तर भागात हिवाळ्यात दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ आपला आपण काढावा लागतो. त्यासाठी जुना ट्रॅक्टर ठेवणारी मंडळी अशा केबिनी आजही बनवतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक लाडका प्रश्न असतो : ही वस्तू नेमका कुठला प्रॉब्लेम सोडवते? तो इथे विचारला तर उत्तर मजेशीर निघतं, आणि थोडं गंभीरही.

सुरुवात श्रीमंतांपासून करू. १९३८ साली मिनियापोलिस-मोलीन कंपनीने 'यूडीएलएक्स' ट्रॅक्टर काढला. बंद केबिन, हीटर, रेडिओ, वायपर, शेजारी आणखी एकाला बसायला जागा. रस्त्यावर ताशी ६४ किलोमीटरपर्यंत पळायचा. दिवसा नांगरा आणि संध्याकाळी बायकोला घेऊन गावात जा, अशी कल्पना. किंमत मात्र दोन हजार डॉलरच्या आसपास. पुढच्याच वर्षी आलेला फोर्डचा '९एन' ५८५ डॉलरला मिळत होता, म्हणजे एका यूडीएलएक्सच्या पैशात तीन फोर्ड! महामंदीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या शेतकऱ्याने काय निवडलं असेल ते सांगायला नको. यूडीएलएक्स जेमतेम दीडशे बनले. याउलट फोर्डचा उघडा '८एन' १९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांहून जास्त बनला.

पण थंडी काही किंमत बघून वाजत नाही. मग या उघड्या ट्रॅक्टरवाल्यांनी काय केलं? ताडपत्री! 'हीट हाउसर' नावाने एक कापडी आवरण बाजारात मिळायचं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पडदे, ड्रायव्हरच्या समोर पारदर्शक खिडकी, वर आणि मागे सगळं मोकळं. ट्रॅक्टरचा पंखा रेडिएटरमधून हवा ओढून इंजिनावरून मागे फेकतो. एरवी वाऱ्यावर जाणारी ती गरम हवा पडद्यांमुळे थेट ड्रायव्हरच्या पायांशी यायची. वेगळा हीटर नाही, वायरिंग नाही. फुकटची ऊब!

हे इतकं चांगलं का चालायचं? कारण हाडं गोठवण्यात थंडीइतकाच वाऱ्याचाही हात असतो. अमेरिका-कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रात आकडे घालून बघा. तापमान उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे ३३ इतकं लागतं. म्हणजे नुसता वारा अडवला की तेरा अंशांची कमाई! त्यात बर्फ उडवायचं यंत्र बहुधा ट्रॅक्टरच्या मागे, इंजिनाच्या शाफ्टवर चालणारं. अख्खा वेळ मान वळवून रिव्हर्समध्ये चालवायचं, आणि वारा फिरला की उडवलेला बर्फ आपल्याच तोंडावर.

म्हणून घरगुती केबिनवाला एक पायरी पुढे जातो. लोखंडी अँगल किंवा चौकोनी पाइपचा सांगाडा, प्लायचं छत, खिडक्यांना पॉलिकार्बोनेट (साधी काच धक्क्याने फुटते आणि अॅक्रिलिकला तडे जातात), मडगार्डला जोडताना खाली रबराचे तुकडे. भंगारातल्या गाडीचा हीटर आणून इंजिनाचं गरम पाणी त्यात फिरवायचं. इथे कम्पॅटिबिलिटीचा घोळ होतो बरं का! ८एनची बॅटरी सहा व्होल्टची आणि नंतरच्या गाड्यांमधला पंखा बारा व्होल्टचा. म्हणजे एक छोटा पंखा चालवायला अख्ख्या ट्रॅक्टरचं वायरिंग बदला. आमच्या धंद्यात वेगळं काय होतं? :)

इथवर सगळं छान. पण अटलांटिकपलीकडे स्वीडनमध्ये याच केबिनला वेगळाच प्रश्न विचारला जात होता. ट्रॅक्टर उलटला तर आतला माणूस जगेल का? मागच्या मागे उलटणाऱ्या ट्रॅक्टरला जमिनीवर आदळायला साधारण दीड सेकंद लागतो, आणि त्यातल्या पाऊण सेकंदानंतर काहीही केलं तरी उपयोग नसतो. उडी मारायला वेळच नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली. नुसतं 'मजबूत आहे' म्हणून चालत नव्हतं. जड लोलकाचे घाव घालून ती तपासली जायची. उलटून होणारे मृत्यू पुढच्या काही दशकांत जवळजवळ संपले.

ब्रिटनने १९७० पासून नव्या ट्रॅक्टरवर सुरक्षा-केबिन सक्तीची केली. आता गंमत बघा. माणूस वाचला, पण पत्र्याच्या त्या डब्यात इंजिनाचा आवाज घुमून त्याचे कान जायची वेळ आली! मग १९७६ पासून आवाजावर मर्यादा घालावी लागली. अमेरिकेत जॉन डिअरने १९६६ साली 'रोल-गार्ड' चौकट आणली आणि तिचं पेटंट इतर कंपन्यांना मोफत वापरू दिलं. १९७२ च्या त्यांच्या 'साउंड-गार्ड' केबिनमध्ये ऊब, शांतता आणि सुरक्षा हे तिन्ही धागे एकत्र आले. तरी अमेरिकी कंपन्यांनी सर्रास सगळ्या नव्या ट्रॅक्टरांवर चौकट द्यायला सुरुवात केली ती १९८५ मध्ये, तीही स्वेच्छेने. त्याआधीचे उघडे ट्रॅक्टर तसेच राहिले, आणि बर्फ काढायला नेमके तेच वापरले जातात.

आता घरगुती केबिनकडे परत बघा. दिसायला ती केबिनच, पण प्लायचं छत दोन-तीन टनांचं धूड पेलत नाही. उलट दार एकच असेल तर बाहेर पडायची वाट अडवतं. दुसरा धोका धुराचा. ८एनचा सायलेन्सर मुळात ट्रॅक्टरच्या पोटाखालून जातो. मोकळ्या हवेत काही बिघडत नाही, पण चारी बाजू बंद केल्या की कार्बन मोनॉक्साइड आत साचू शकतो. त्याला ना रंग, ना वास. जुन्या हीट हाउसरची मागची बाजू मोकळी असायची, त्यात मला तरी मोठं शहाणपण दिसतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी त्या मॉडेलसाठी तपासून प्रमाणित केलेली संरक्षक चौकट आणि सीटबेल्ट, मग सायलेन्सरचा पाइप छताच्या वर, मग बाहेर पडायच्या दोन वाटा, आणि सगळ्यात शेवटी ताडपत्री. खर्च वाढतो, मान्य. पण चौकट आणि पट्टा दोन्ही असतील तर उलटलेल्या ट्रॅक्टरवरचा माणूस जवळजवळ नेहमीच वाचतो.

आपल्याकडे बर्फ नाही, ऊन आहे. ऊसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर गावातल्या वेल्डरने केलेली छतं तुम्ही पाहिली असतीलच. रंगीत, झालर लावलेली, मागे पोराचं नाव लिहिलेली. ऊन अडवायला ती उत्तमच. पण कालव्याच्या कडेने भरलेली ट्रॉली ओढताना चाक घसरलं, तर ते छत किती वजन पेलेल हा प्रश्न वेल्डरला सहसा कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी गावी गेलात तर विचारून बघा.