कारखाना बंद, इंजिन चालू

घड्याळांमुळे घराघरांत पोहोचलेल्या एचएमटीने 1971 मध्ये हरियाणातल्या पिंजोर येथे ट्रॅक्टरही बनवायला घेतले. मूळ यंत्र चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराचे, झेटर कंपनीचे; ताकद 25 अश्वशक्ती. तेव्हा देशात मागणी मोठी आणि ट्रॅक्टर थोडे, त्यामुळे विक्री-वाटपावर सरकारचे नियंत्रण होते. नंबर लागायची वाट पाहून, कर्ज काढून आणलेले यंत्र जुने झाले म्हणून काढून टाकणे कुणाला परवडणारे नव्हते. ते पुढच्या पिढीच्या हाती चालू स्थितीत देणे, हाच संसाराचा हिशेब होता.

हा हिशेब जमला तो इंजिनाच्या घडणीमुळे. झेटरने दोन, तीन आणि चार सिलिंडरच्या इंजिनांत बरेच भाग समान ठेवले होते. सिलिंडरचे लायनर सुटे, आणि त्यांच्या बाहेरून थेट पाणी खेळणारे. लायनर झिजले, धूर वाढला, तरी ब्लॉक बोअर करायला शहरात न्यावा लागत नाही. जुने लायनर ओढून काढायचे, नवे बसवायचे, पिस्टन आणि रिंगा बदलायच्या. जोखीम असते ती लायनरच्या खालच्या रबरी रिंगांत. त्या नीट बसल्या नाहीत, तर पाणी ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंगे खराब होतात. म्हणून इंजिन बांधून झाले तरी जाणता मिस्त्री ऑइलची पट्टी पुन्हा पुन्हा काढून पाहतो. ऑइल दुधाळ दिसले, की सगळे पुन्हा खोलायचे.

ऑक्टोबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला मंजुरी दिली. कारखाना थांबला तरी त्याचे ट्रॅक्टर शेतातून उठले नाहीत. कायदाही त्यांना केवळ वयावरून मोडीत काढत नाही: शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिल्या 15 वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते.

हरितक्रांतीच्या इतिहासात परदेशी करार, कारखाने आणि उत्पादनाचे आकडे येतात. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन बांधणारा मिस्त्री त्यात क्वचितच दिसतो. त्याची विद्या पुस्तकात नाही. ती हाताखालच्या पोराला बघून-बघून येते. लायनर उद्याही कुणीतरी ओतील. पण रबरी रिंग बसली की नाही हे बोटांनी ओळखणारा माणूस उरला नाही, तर पन्नास वर्षे चाललेले इंजिन त्या दिवशी खरे जुने होईल.