बोरघाटातील मजुरी

पुण्याहून मुंबईस निघालेला प्रवासी खंडाळा आले की खिडकीशी सरकतो, दरी पाहतो आणि इंग्रजांच्या शास्त्राची तारीफ करतो. तारीफ करावी असेच ते काम आहे. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि वाटेत २५ बोगदे! पण हा घाट बांधला कोणी, असे विचारले की आपण चटकन 'जी. आय. पी. कंपनीने' म्हणून मोकळे होतो. खरे पाहता कंपनीने एक धोंडाही उचलला नव्हता.

कंपनी लंडनची. ऑगस्ट १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. जमीन फुकट, आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. नफा कमी पडला तर भर हिंदुस्थानच्या तिजोरीतून. भागीदार घरी निर्धास्त. बांधकाम मात्र तिने इंग्रज कंत्राटदारांना ठरीव रकमेत देऊन टाकले. मुंबई–ठाणे मार्गाच्या कामातला विल्यम फॅव्हिएल याने घाटाचे कंत्राट घेतले आणि जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले.

कंत्राटदाराने तुकडे पाडून पोटकंत्राटदार नेमले; पोटकंत्राटदाराने मुकादम गाठले; मुकादमाने गावोगावची माणसे टोळीने आणली. ज्या कड्यावर पाय ठरत नसे, तिथे माणूस दोराने खाली सोडीत. तो लोंबकळत छिन्नीने भोके पाडी, मग त्यांत सुरुंगाची दारू भरत. पैसा मात्र वरून खाली यायचा. वरच्या प्रत्येक हाताला थांबायला सवड होती. शेवटच्या माणसाचे पीठ संपलेले असे. आम्ही चळवळीतली माणसे या साखळीला चांगले ओळखतो. 'वरून आले नाहीत' हे वाक्य आम्ही इतक्या मुकादमांच्या तोंडून ऐकले आहे, की ते पहिल्यांदा घाटातच उच्चारले गेले असावे असे वाटते!

जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल पेटली. गोऱ्या नोकरांवर हल्ले झाले. सरकारला चौकशी करावी लागली आणि मजुरांची मुख्य तक्रार खोटी नव्हती. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले.

मग सॉलोमन ट्रेडवेल आला. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ च्या अखेरीस, तो वारला. त्याची विधवा ॲलिस हिने कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवले आणि प्रत्यक्ष कारभार ॲडमसन व क्लाऊझर या इंजिनिअरांकडे सोपविला. त्या बाईचे धैर्य मोठे, यात शंका नाही. जानेवारी १८६१ मध्ये घाटात ४२,००० माणसे राबत होती. पटकी आणि ताप यांनी छावण्या पुन्हा पुन्हा ओस पडत, आणि पुन्हा नव्या टोळ्या येत. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

दंगलीचा एक परिणाम मात्र समारंभाच्या भाषणांहून टिकाऊ ठरला. १८६० चा नववा कायदा. रेल्वे, कालवे वगैरे सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, अशी त्यात तरतूद होती. आमच्या मजूर कायद्यांच्या वंशावळीत हा फार जुना पूर्वज. पण त्याला दोन तोंडे होती. करार मोडून काम टाकणाऱ्या मजुराला त्याच कायद्याने शिक्षा होई. मजुरी बुडविणे हा पैशाचा तंटा आणि काम सोडणे हा गुन्हा, असा तो न्याय! १९३२ मध्ये तो रद्द झाला.

बांधकामाचे काय झाले? १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा कमानीपूल कोसळला; चुनेगच्चीचे काम कच्चे निघाले. कंत्राट केव्हाच संपले होते. हमीचे व्याज मात्र चालूच होते.

मजुराने कोणाच्या दारात उभे राहावे, हा घाटातला प्रश्न पुढे शंभर वर्षे लोंबकळत राहिला. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने तो द्यावा, हे स्पष्टपणे लिहिले गेले १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, म्हणजे दंगलीनंतर १११ वर्षांनी. आखातात जाणाऱ्या आपल्या गवंड्याला, सुताराला आजही हीच साखळी भेटते. कंपनी एका देशाची, कंत्राटदार दुसऱ्या देशाचा, आणि भरती करणारा दलाल आपल्याच तालुक्याचा. पगार थकला की तो आधी त्या दलालाच्या घरी जातो, कारण तेवढाच पत्ता त्याला ठाऊक असतो.