तीन मिनिटांचे गाणे, तेवीस मिनिटांची मैफल
सायकेडेलिक रॉकमधील उत्स्फूर्त वादन आणि मुंबईचा तबला

साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिका व इंग्लंडमध्ये बहरलेल्या 'सायकेडेलिक रॉक' या संगीतप्रकाराचे खरे रूप ध्वनिमुद्रिकेपेक्षा रंगमंचावर अधिक दिसे. ठरलेले गाणे केवळ निमित्त ठरे आणि वादक आयत्या वेळी त्याचा विस्तार करीत. या उत्स्फूर्त वादनाचे काही धागे हिंदुस्थानी रागसंगीताशी, तसेच मुंबईच्या तबल्याशी जुळलेले आहेत.

गाण्याकडून मैफलीकडे

त्या काळी रेडिओवर वाजणारे गाणे साधारणतः तीन मिनिटांचे असे. १९६६ साली पॉल बटरफिल्ड ब्लूज बँडने 'ईस्ट-वेस्ट' ही तेरा मिनिटांची वाद्यरचना प्रसिद्ध करून ही चौकट मोडली. माईक ब्लूमफिल्डच्या गिटारवर रागसंगीताची छाया स्पष्ट जाणवते. सॅन फ्रान्सिस्कोतील ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाचे 'डार्क स्टार' हे याचे ठळक उदाहरण होय. १९६८ मध्ये निघालेली त्याची छोटी तबकडी तीन मिनिटांचीही नव्हती. तेच गाणे २७ फेब्रुवारी १९६९ रोजी फिलमोर वेस्ट या सभागृहात तब्बल २३ मिनिटे रंगले आणि त्याच वर्षीच्या 'लाइव्ह/डेड' या संग्रहात समाविष्ट झाले. लंडनमध्ये पिंक फ्लॉइडचे 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' आणि क्रीमचे 'स्पूनफुल' यांनी हाच मार्ग धरला.

विस्तार कसा होई?

प्रथम सर्व वादक मिळून गाण्याची ओळखीची स्वरपंक्ती वाजवीत. त्यानंतर स्वरसंगती वारंवार बदलण्याऐवजी एकाच आधारस्वराभोवती वादन स्थिरावे. तानपुऱ्याच्या षड्जासारखा हा आधार मिळाला, की गिटारवादकास बढत करण्यास मोकळीक मिळे. बास गिटार व ड्रम केवळ साथ न करता संवाद साधत. ध्वनिवर्धकातून उमटणारा प्रतिध्वनी व कर्कश नाद हेही वाद्याचाच भाग बनत. अखेरीस एखाद्या खुणेच्या स्वराने सारे मूळ पंक्तीवर परतत. भजनी मंडळांत पखवाज व टाळांची चढती लय ऐकलेल्या भिवंडी-कल्याणच्या श्रोत्यास ही रीत अगदीच परकी वाटणार नाही.

साम्य आणि भेद

तथापि या दोन परंपरांना एकच मानणे योग्य ठरणार नाही. रागसंगीतातील उपज रागाचे नियम, तालाचे आवर्तन आणि गुरूकडून मिळालेली तालीम यांच्या मर्यादेत फुलते. रॉकमध्ये अशी पिढीजात चौकट नव्हती. ती प्रत्येक वाद्यवृंदाला स्वतःच उभारावी लागे. हा भेद पं. रविशंकर यांना तीव्रतेने जाणवला. १८ जून १९६७ रोजी माँटेरी महोत्सवात त्यांनी उस्ताद अल्लारखाँ यांच्या साथीने दुपारची दीर्घ मैफल गाजविली. त्याच महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटविल्याचे पाहून मात्र ते व्यथित झाले. वाद्याला पूज्य मानणाऱ्या परंपरेला ते रुचणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे भर पावसात त्यांचे वादन झाले. तेथे तानपुऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. अमली पदार्थांशी आपल्या संगीताचे नाते जोडले जाण्यास रविशंकर यांचा सातत्याने विरोध होता. पुढे ते अशा महोत्सवांपासून दूर राहिले.

मुंबईचा दुवा

जम्मूत जन्मलेले अल्लारखाँ मुंबईत स्थायिक झाले होते. आकाशवाणीवर तबलावादन आणि ए. आर. कुरेशी या नावाने चित्रपटसंगीत, अशी दुहेरी कारकीर्द त्यांनी येथे केली. १९६७ मध्ये ग्रेटफुल डेडचा ड्रमवादक मिकी हार्ट त्यांना भेटला आणि मात्रांच्या गणिताने भारावून गेला. या वाद्यवृंदाची 'द इलेव्हन' ही रचना अकरा मात्रांच्या आवर्तनावर बेतलेली आहे. असे विषम ताल पचविण्यासाठी वादकांना कसून सराव करावा लागला. 'नशेत सुचेल ते वाजविले' ही या संगीताविषयीची समजूत येथेच खोटी ठरते.

अल्लारखाँ यांचे माहीममध्ये वाढलेले पुत्र झाकीर हुसेन १९७० मध्ये अमेरिकेस गेले. हार्ट यांच्यासमवेत त्यांनी 'दिगा ऱ्हिदम बँड' उभा केला. १९७६ च्या त्याच्या संग्रहात डेडचा गिटारवादक जेरी गार्सियाही वाजला आहे. १९९१ चा 'प्लॅनेट ड्रम' हा याच मैत्रीचा पुढचा टप्पा. त्यास १९९२ मध्ये जागतिक संगीताचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. अल्लारखाँ यांचे ३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत, तर झाकीर हुसेन यांचे १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत निधन झाले.

महाराष्ट्रातील पडसाद

मुंबईतील तरुण वाद्यवृंदांनीही हे वारे अंगावर घेतले. 'सिमला बीट' स्पर्धेतील निवडक गीतांचे १९७० व १९७१ चे संग्रह आजही संग्राहक शोधत असतात. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे 'स्नेहयात्रा' हा खुल्या मैदानावरील महोत्सव झाला. मात्र स्पर्धेच्या तबकडीत गाणे आटोपशीर ठेवावे लागे. रंगमंचावरचा विस्तार त्या रात्रीच्या श्रोत्यांपुरताच राहिला. सॅन फ्रान्सिस्कोतील मैफली ध्वनिफितींवर जतन झाल्याने त्यांचा अभ्यास आजही होऊ शकतो. उत्स्फूर्त वादन क्षणात जन्मते आणि क्षणात विरते. ते टिपून ठेवणारा कोणी नसेल, तर इतिहासात त्याचे केवळ नाव उरते.