अडकित्त्याची खीळ

श्रोतेहो, मिटता चाकू पारखणारा शौकीन धारेआधी खीळ पाहतो. पाते डुगडुगले की चाकू फुकट! पिंपरीच्या संत तुकाराम नगरातील कामगारांना हे सांगावयास नको. आपल्याकडे हीच परीक्षा अडकित्त्याची. खीळ ढिली झाली, की पाते बाजूला सरते. सुपारी कातरली न जाता फुटते.

दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या घरगुती वस्तू जमवावयास आरंभ केला. त्यांत नक्षीचे पितळी अडकित्तेही आले. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनास दिला. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयास आहे. खिळी ठोकणाऱ्या कारागिरांची नावे मात्र सहसा कोणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून गुरुजी, मुलांना पुण्यास न्याल तेव्हा नक्षीबरोबर खीळही दाखवा. त्या कारागिरांचे कसब तिथेच दिसते.