राज्य बदललं, सर्कल तेच

आज भिलाईच्या मोबाईलची गोष्ट. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर सरकारनं देशाची 'सर्कल' पाडून खासगी कंपन्यांना परवाने विकले. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं. राजधानी, विधानसभा, उच्च न्यायालय, सगळं नवं आलं. परवान्याचं सर्कल मात्र मध्य प्रदेशचंच राहिलं, आजही आहे. परवाने आधीच विकले गेले होते, आणि त्यांची हद्द रायपूर नव्हे, दिल्ली ठरवते.

याचा चटका कुणाला बसला? पोलाद कारखान्यात नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी माणसांना. दुपटीहून लांब असलेलं भोपाळ त्यांना 'घरचं', आणि नागपूर परकं! डोंगरगड मागे टाकून गाडी गोंदियाकडे लागली की रोमिंग सुरू. आलेला फोन उचलला तरी पैसे. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, पण सर्कलच्या आतच. भिलाईचा नंबर नागपूरचा करून घ्यायला ३ जुलै २०१५ उजाडावा लागला.

गोव्याचंही तसंच बघा. राज्य वेगळं, सर्कल महाराष्ट्राचं. म्हणून पणजीचा माणूस नागपुरात कधी रोमिंगवर नसायचा.