परसातील झाडे आणि त्यांची नावे

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत कमी निगेची कोणती झाडे लावावीत, हा प्रश्न आज रोपवाटिकेत विचारला जातो. जुन्या मराठी घराच्या परसात त्याचे उत्तर आधीच दिलेले असे. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ आणि अळू वाढत. जेथे पाणी पोचत नसे त्या कडेला कण्हेर, अडुळसा, निर्गुडी यांची योजना होई. ही निवड कोणा एकाची नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली, आणि तिचे थर झाडांच्या नावांत आजही ओळखता येतात.

पहिला थर वारशाने आलेल्या शब्दांचा होय. संस्कृत ‘करवीर’, प्राकृत ‘कणवीर’ आणि मराठी ‘कण्हेर’. ‘आटरूष’ आणि ‘अडुळसा’. ‘निर्गुण्डी’ आणि ‘निर्गुडी’ ही रूपे पाहता हे शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडी दीर्घकाळ झिजत आले आहेत, हे उघड आहे. या तिन्ही झाडांचे गुणही सारखे आहेत. ती फांदी खोचून लागतात, पाण्याचा ताण सोसतात, आणि गुरे त्यांना तोंड लावीत नाहीत. अर्थात कण्हेर सर्वांगाने विषारी असल्यामुळेच गुरे ती टाळतात. तेव्हा लहान मुलांच्या घरी ती दूर कुंपणाशीच असणे इष्ट.

दुसरा थर पोर्तुगीज दर्यावर्दींच्या आगमनानंतरचा. अमेरिका खंडातून आलेल्या पपईने व काजूने आपली नावे बरोबर आणली. पण काही झाडांना मराठीने जुन्या कुळात दत्तक घेतले. मध्य अमेरिकेतील झाडाला देशी चंपकाशी, म्हणजे सोनचाफ्याशी, नाते जोडून ‘पांढरा चाफा’ म्हटले गेले. सीताफळ तर रामकथेतच सामील झाले. त्याचा पाला शेळ्याही खात नाहीत, आणि खडकाळ उतारावर ते पावसाच्या पाण्यावर टिकते.

तिसरा थर अलीकडचा आहे. फ्रेंच नाविक बूगँव्हिल याच्या १७६६ ते १७६९ या काळातील प्रवासात नोंदल्या गेलेल्या दक्षिण अमेरिकी वेलीस त्याचे नाव मिळाले. मराठीने त्या नावाच्या शेवटी ‘वेल’ ऐकला आणि ‘बोगनवेल’ हा शब्द सिद्ध झाला. ग्लिरिसिडिया या लॅटिन नावाचा अर्थ उंदीर मारणारी. त्याचा ‘उंदीरमारी’ हा अनुवाद रूढ झाला, तर ‘गिरिपुष्प’ हे दुसरे नाव ध्वनिसादृश्यावर बेतलेले दिसते. फांदी खोचताच जगणाऱ्या या झाडाचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेताच्या बांधावरही उपयोगी पडला.

या तीन थरांवरून एक गोष्ट निष्पन्न होते. झाड देशी की परके, हा निकष परसाने मुख्य मानला नाही. अल्प पाण्यावर, राखणीवाचून ते जगते काय आणि घराच्या उपयोगी पडते काय, हे पाहिले. मात्र ‘आपोआप वाढते’ एवढाच गुण पुरेसा नसतो, हे घाणेरीने दाखवून दिले. शोभेसाठी आणलेले हे अमेरिकी झुडूप कुंपण ओलांडून रानोमाळ पसरले. त्याच्या नावात लोकांनी कौतुक ठेवले नाही, उग्र वासच नोंदविला.

परस नाहीसे होते तेव्हा केवळ जागा जात नाही. अडुळसा खोकल्यावर, निर्गुडी सुजेवर, अशी जोड ज्या नावाबरोबर घरात शिकली जाई, ते नावच व्यवहारातून उठते, आणि निवडीचा निकष रोपाच्या चिठ्ठीवरील रंगीत चित्रापुरता उरतो. गृहसंकुलाच्या कडेची चार हात जमीन लावताना जुन्या परसाची ही यादी पुढे ठेवावी. तीत पाणी, गुरे, विष आणि उपयोग या चारही बाबींचा अनुभव साठलेला आहे.